लेखकाचे आयुष्य आणि कथेचे आयुष्य



लेखक जसा जगला तसे त्याने लिहिले, असे आपण सहज बोलून जातो. वाक्य सोपे आहे, कानालाही बरे लागते. परंतु तपासून पाहू लागले की लगेच अडचण उभी राहते. हमाल, मापाडी आणि गिरणीकामगार यांच्या संघटनेचे काम मी गेली तीस वर्षे करीत आहे. नांदेडच्या मोंढ्यात आणि लातूरच्या गंजगोलाईभोवती पाठीवर पोते वाहणारी शेकडो माणसे माझ्या ओळखीची आहेत. त्यांची हकीकत ऐकावी तर ऐकणाऱ्याच्या हातातला घास हातात राहावा. दुष्काळ, गाव सोडणे, परमुलखातली मजुरी, सावकार, आजारपण, भाऊबंदकी, कादंबरीला लागणारा सगळा ऐवज त्यांच्यापाशी आहे. तरी त्यांतल्या एकानेही कादंबरी लिहिलेली नाही. तेव्हा नुसत्या हालअपेष्टांनी लेखक घडत नाही, हे उघड आहे. मग आयुष्य लेखकाला देते तरी काय? आणि त्याने लिहिलेले एक पुस्तक लोकांच्या जगण्यात शिरते, दुसरे कपाटात राहते, हे कशावर ठरते?

या दोन प्रश्नांची उत्तरे मी आज दोन लेखकांच्या चरित्रांत शोधणार आहे. एक आपले परभणीचे बी. रघुनाथ. दुसरे वारणाकाठचे अण्णा भाऊ साठे. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. वाचन झाले ते संघटनेच्या कचेरीत, दिवसाची भांडणे मिटल्यावर रात्री. त्यामुळे पंडितांची परिभाषा माझ्याजवळ नाही. कामगारांच्या सभेत बोलतो तसेच येथे बोलणार आहे.

प्रथम थोडा इतिहास. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाली. पदमनजींनी १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. घरचा धर्म सोडलेल्या माणसाला त्या घरातल्या विधवांचे हाल बाहेर उभे राहून दिसले आणि ते त्याने लिहिले. पुढे १८९० च्या सुमारास हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. हरिभाऊ पुण्यातल्या एकत्र कुटुंबात वाढलेले. माजघरातली कुजबूज त्यांना आतून ठाऊक होती. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. कोकणातल्या पालगडचे बालपण आणि गेलेल्या आईची ओढ हेच त्या पुस्तकाचे भांडवल. ते १९३५ साली प्रसिद्ध झाले, १९५३ साली त्यावर आचार्य अत्र्यांनी चित्रपट काढला, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळाले. महाराष्ट्रात आई कशी असावी याचे चित्रच या एका पुस्तकाने पक्के करून टाकले. एका माणसाची आठवण साऱ्या समाजाची चालरीत होऊन बसते, याचे याहून सोपे उदाहरण मला दिसत नाही.

कला कलेसाठी की कला जीवनासाठी, हा फडके-खांडेकरांच्या नावाने गाजलेला वाद आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकलेला आहे. माझ्यासारख्याला त्या वादात एक शंका येई. जीवनासाठी म्हणता ते ठीक, पण कोणाच्या जीवनासाठी? वर सांगितलेली सारी आयुष्ये खरी होती, त्यांतले दुःखही खरे होते. परंतु ती माजघरातली, ओसरीवरची, शाळेतली आयुष्ये होती. कादंबरीत गाव आले तर ते वाड्याच्या ओट्यावरून दिसेल तेवढेच येई. ओट्याच्या खाली उभा राहून जोहार घालणारा माणूस गोष्टीत एखादे वाक्य बोलून निघून जाई. तो संध्याकाळी आपल्या झोपडीत जाऊन काय बोलतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते. यात त्यांचा दुष्टावा नव्हता. ते त्या झोपडीत कधी राहिले नव्हते, एवढेच.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. राज्याचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतच होते. सभा भरवायची म्हणजे सरकारचा परवाना लागे. मराठी ही घरातली, बाजारातली आणि कीर्तनातली भाषा होती. अशा राज्यात भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजेच बी. रघुनाथ, परभणी जिल्ह्यातील सातोना येथे १९१३ साली जन्मले. हैदराबादेस मॅट्रिकपर्यंत शिकले आणि निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकून झाले. दिवसा सरकारची भाषा आणि सरकारचे कागद, रात्री आपली मराठी आणि आपले कागद, असा त्यांचा जन्म गेला. १९४१ साली ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह आला. पाठोपाठ ‘बाबू दडके’, ‘उत्पात’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’ अशा कादंबऱ्या आल्या. ‘साकी’, ‘फकिराची कांबळी’ असे कथासंग्रह आले.

या नावांकडेच पाहा. ‘साकी’ हा शब्द पुण्याच्या लेखकाने वापरला तर तो शायरीतून उसना आणलेला वाटेल. परभणीच्या माणसाला तो परका वाटत नाही, कारण कचेरीच्या आणि मुशायऱ्याच्या भाषेतून तो कानावर पडलेला असतो. ‘म्हणे लढाई संपली’ या नावातला ‘म्हणे’ तर अस्सल कारकुनाचा आहे. वरून हुकूम येतो, अमुक झाले, तमुक संपले. खाली टेबलाशी बसलेला माणूस मान हलवतो आणि मनात म्हणतो, संपली म्हणे! ज्याने आयुष्यभर वरून आलेले कागद वाचले आहेत, त्यालाच हा शब्द सुचावा. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीच्या कचेरीत, कामावर असतानाच, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४० वर्षांचे. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा संग्रह त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. कारकुनाला आपण कामगार मानीत नाही, तोही स्वतःला मानीत नाही. परंतु कामाच्या जागी मान टाकणाऱ्या माणसाला दुसरे काय म्हणावे?

बी. रघुनाथांची आठवण मी मुद्दाम आधी काढली. त्यांच्याकडे आपण शेवटी परत येऊ. आता दुसरे आयुष्य पाहू.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे, मांगवाड्यात झाला. शाळा मिळाली ती दीड दिवसाची. बाराएक वर्षांचे वय असताना सारे कुटुंब मुंबईच्या वाटेला लागले. गाडीभाड्याला पैसा नव्हता, म्हणून मैलामागून मैल पायी. वाटेत मिळेल ते काम करायचे, पुढचा मुक्काम गाठायचा. मुंबईत त्यांनी पडेल ती मजुरी केली, हमाली केली, गिरणीत काम केले. अक्षरे ओळखली ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या जाहिरातींवरून, असे सांगतात. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट चळवळीशी गाठ पडली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी पोवाडा रचला, आणि आपल्या निजाम राज्यातच पेटलेल्या तेलंगणाच्या शेतकरी लढ्यावरही रचला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड गावोगाव गेली. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन त्यांनी केले. १९५९ साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. त्याच साली ते रशियाला जाऊन आले. तीसहून अधिक कादंबऱ्या आणि शेकड्यांनी मोजाव्यात इतक्या कथा-गीते लिहून १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षात, हलाखीतच त्यांनी गोरेगावात डोळे मिटले. योगायोग असा की त्याच १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी व हमाल कामगारांचा कायदा झाला.

या आयुष्याने त्यांच्या कथेला काय दिले?

पहिली गोष्ट दिली ती अंतर. हे जरा विचित्र वाटेल. अण्णा भाऊ मुंबईत घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत वर्षानुवर्षे राहिले. तेथे बसून त्यांनी मुंबईवर लिहिले खरे, परंतु त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्या बहुतेक वारणेच्या खोऱ्यातल्या आहेत. ज्या गावाने उपाशी बाहेर काढले त्याच गावाकडे लेखणी पुन्हा पुन्हा का वळावी? माझे उत्तर असे की मुंबईने त्यांना गाव दाखवले. गावात असताना माणसाला आपली गुलामी हवापाण्यासारखी वाटते. ती वाडवडिलांपासून चालत आलेली असते, म्हणून तिच्याकडे नजर जात नाही. गिरणीच्या फाटकावर हजारो माणसे एका बावट्याखाली उभी राहिलेली पाहिल्यावर मागे वळून पाहिले, तर पाटील, कुलकर्णी, हजेरी, उपास या सगळ्यांचा अर्थ निराळा लागतो. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट भागांतून मजुरीसाठी हैदराबाद-मुंबईस गेलेली आपली माणसे सणाला गावी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात हा फरक ऐकू येतो. जाताना ‘नशीब’ म्हणणारा माणूस येताना ‘मजुरी किती, हिशेब कुठे’ असे विचारू लागतो. अण्णा भाऊंनी हा फरक कादंबरीत नेला.

दुसरी गोष्ट दिली ती कामाचे ज्ञान. ‘स्मशानातील सोनं’ ही त्यांची कथा आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. भीमा हा वारणाकाठचा धिप्पाड गडी मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. घरात खायला नाही. एके दिवशी त्याला स्मशानाच्या राखेत सोन्याचा कण सापडतो आणि मग तो रात्री-अपरात्री मढी उकरू लागतो. शेवटी एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती त्याला गमवावी लागतात. त्यानंतर बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. ही कथा वाचून लोक अंगावर काटा आला म्हणतात, तो स्मशानाचा. माझ्या अंगावर काटा येतो तो शेवटच्या बातमीने. पहार धरणारी बोटे गेली आणि आता काम आले! बेकारी ही केवळ भुकेची गोष्ट नाही. बेकारीत माणूस आपले हत्यार, म्हणजे आपले शरीर, मोडून बसतो. मग काम आले तरी त्याच्या उपयोगाचे राहत नाही. नांदेडची उस्मानशाही मिल ज्यांनी पाहिली, तिचा भोंगा थांबल्यावर चाळीचाळींतून काय झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. अशी कथा कल्पनेने रचता येते, नाही असे नाही. पण खाण सुरू झाल्याची बातमी नेमकी कोठे ठेवावी, हे बेकारीत दिवस काढलेल्या माणसाला अचूक कळते.

तिसरी गोष्ट दिली ती ऐकणारा. अण्णा भाऊ कादंबरीकार होण्याआधी तमाशाच्या बोर्डावर उभे राहिलेले कलावंत होते. तमाशाचा प्रेक्षक उधारीवर ऐकत नाही. आवडले नाही तर उठून जातो. जुन्या तमाशाचा आरंभ गणेशाला वंदन करणाऱ्या गणाने आणि मग गौळणीने होई. अण्णा भाऊंनी आपल्या लोकनाट्यात मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन घातले, आणि बोर्ड तोच ठेवून बोलणे बदलले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्यांच्या लोकनाट्यांवर बंदी घातली, यावरून त्या बोलण्याची धार कळावी. पुढे ते कादंबरीकडे वळले तरी समोर बसलेला ऐकणारा त्यांच्या नजरेसमोरून हलला नाही. त्यांची वाक्ये लहान, प्रसंग झटकन पुढे जाणारे, माणसे ठसठशीत. ‘फकिरा’ मोठ्याने वाचता येते. मालमोटारीची वाट पाहत बसलेल्या हमालांत एकाने वाचावी आणि दहाजणांनी ऐकावी, अशी ती घडली आहे. आमच्या कचेरीत ती अशीच वाचली गेली. ज्यांना सही करता येत नव्हती, त्यांनाही ती पाठ झाली.

आता ‘फकिरा’कडे जरा बारकाईने पाहू. फकिरा हा वाटेगावचा खरा माणूस, अण्णा भाऊंच्या नात्यातला. त्यांच्या जन्माच्या वेळी त्याने बाळंतिणीला ओंजळभर रुपये दिले, अशी कथा सांगितली जाते. तेव्हा हे घरात ऐकलेले चरित्र आहे. कादंबरीत फकिराचा बाप राणोजी गावाच्या मानासाठी दुसऱ्या गावची जोगिणी पळवून आणतो आणि त्यात मारला जातो. पुढे दुष्काळ आणि साथ येते. मांगवाडा उपाशी मरू लागतो. फकिरा साथीदारांसह धान्य लुटून वाटतो, पुढे इंग्रज सरकारचा खजिना लुटतो. सरकार मांगवाड्यावर हजेरी बसवते. अखेर सरकार बायकामुलांना आणि म्हाताऱ्यांना धरून ठेवते, तेव्हा त्यांना सोडवण्यासाठी फकिरा आपण होऊन हजर होतो.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस जन्मला की गुन्हेगार ठरला, रोज हजेरी द्यायची, न विचारता गाव सोडायचे नाही. हा कायदा १९५२ साली रद्द झाला आणि ‘फकिरा’ १९५९ साली आली. म्हणजे सरकारी कागदावर ज्यांच्या वाडवडिलांची नोंद गुन्हेगार अशी होती, त्यांना सात वर्षांत कादंबरीने नायकाचे स्थान दिले. इतिहासाच्या पुस्तकांत ही उलटापालट आपणास सापडणार नाही. ती एका कादंबरीने केली, कारण लिहिणारा त्या हजेरीच्या रांगेतल्या घरचा होता.

परंतु केवळ जातीच्या अभिमानाने ही कादंबरी लिहिलेली नाही, हे ध्यानात घ्यावे. तिच्यात विष्णुपंत कुलकर्णी आहेत. ते उपाशी मांगवाड्याच्या पाठीशी उभे राहतात. शंकरराव पाटील आहेत. गाव नुसते दोन तुकड्यांत मांडून लेखक मोकळा झालेला नाही. चळवळीत वावरलेल्या माणसाला हे शहाणपण येते. संपाच्या दिवसांत सवर्ण दुकानदार उधारीवर पीठ देतो आणि आपल्याच जातीचा मुकादम मालकाला खबर देतो, हे आम्ही पाहिले आहे. आणि शेवटचा प्रसंग पाहा. लुटारूच्या गोष्टीत लुटारू निसटतो किंवा लढत मरतो. येथे नायक आपल्या माणसांसाठी स्वतःला बांधून घेतो. पुढाऱ्याने काय करावे, याची अशी कसोटी लावायला लेखकाने चळवळ आतून पाहिलेली असावी लागते.

टीकाकारांचे आक्षेप आहेत आणि ते ऐकले पाहिजेत. अण्णा भाऊंचे नायक फार मोठे, खलनायक फार काळे, योगायोग पुष्कळ, काही कादंबऱ्या घाईने उरकलेल्या. हे आक्षेप मी उडवून लावणार नाही. सगळ्या कादंबऱ्या ‘फकिरा’च्या तोलाच्या नाहीत. पण येथेही आयुष्याचाच हात आहे. ज्याला कादंबरी विकून चूल पेटवायची आहे, त्याला ती कपाटात वर्षभर मुरत ठेवता येत नाही. आयुष्याने त्यांना विषय दिले तशी घाईही दिली. लेखकाच्या आयुष्याचा विचार करताना फक्त गुणांचे श्रेय गरिबीला द्यायचे आणि दोष मात्र लेखकाच्या माथी मारायचे, हा न्याय नव्हे. १९५९ सालीच वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ही निघाली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे खांडेकरांना ज्ञानपीठ मिळाले. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत हाडे झिजवलेले मास्तर; त्यांच्या मानाविषयी कोणाची तक्रार नाही. पण एकाच वर्षी एका भाषेत सुखलोलुप राजाची कथा आणि उपाशी मांगाची कथा लिहिली गेली, आणि मराठीला दोन्ही पेलल्या, हे आपण मुलांना शिकवतो का?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पुस्तक लोकांच्या जगण्यात कसे शिरते?

मराठवाड्याचे उदाहरण घ्या. १९७२ चा दुष्काळ आमच्या आईबापांनी पाहिला. खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलो खाल्ला. त्या पिढीला ‘फकिरा’तला दुष्काळ परक्या वारणेचा वाटला नाही. त्यानंतरचे १९७८ साल. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि आपल्या जिल्ह्यांत दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांना ऑगस्ट महिन्यात ठार मारण्यात आले. पोचीराम मातंग समाजाचे होते. आंबेडकरांचे नाव सोडायला ते तयार झाले नाहीत. एका कादंबरीमुळे हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ‘फकिरा’ ही कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली होती, हे विसरू नये. मार्क्सला मानणाऱ्या मातंग लेखकाने १९५९ साली जी वाट दाखवली, त्याच वाटेवर एकोणीस वर्षांनी आपल्या जिल्ह्यातला एक गरीब माणूस प्राण देऊन गेला. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी.

आज १ ऑगस्टला नांदेड-लातूरच्या गल्लीगल्लीत अण्णा भाऊंची मिरवणूक निघते. २००२ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. २०२० साली जन्मशताब्दी झाली. २०२२ साली मॉस्कोतल्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला. वाटेगावहून पायी निघालेल्या मुलाने गाठलेला हा पल्ला पाहून कोणाची छाती फुगणार नाही? पण मला येथे एक काळजी वाटते आणि ती या सभेपुढे मांडलीच पाहिजे. मिरवणुकीत तसबीर आहे, पुस्तक नाही. हलगीच्या जागी कान फाडणारे कर्णे आले. एका बाजूचे लोक म्हणतात ते आमच्या जातीचे, दुसऱ्या बाजूचे म्हणतात ते आमच्या बावट्याचे, आणि दोघे मिळून लेखकाचे दोन तुकडे करतात. मांगवाडा काढला तर ‘फकिरा’ उरत नाही. गिरणी आणि बावटा काढला तर फकिराचा शेवटचा निर्णय समजत नाही. ज्या आयुष्यातून ती कथा आली, ते आयुष्य सबंध होते. ते वाटून घेता येणार नाही.

आणि आता बी. रघुनाथांकडे परत. त्यांच्या नावाने छत्रपती संभाजीनगरात दरवर्षी ७ सप्टेंबरला पुरस्कार दिला जातो, परभणीत सभागृह आहे. साहित्यिकांनी त्यांची आठवण ठेवली, हे चांगलेच झाले. पण ज्या कारकुनांचे ते लेखक, त्या कारकुनांनी त्यांना आपले म्हटले नाही. अण्णा भाऊंची कादंबरी ज्यांनी डोक्यावर घेतली, त्यांच्यापाशी वस्ती होती, चळवळ होती, एकत्र बसून ऐकण्याची रीत होती. बी. रघुनाथांचा वाचक आपापल्या खोलीत एकटा होता, आणि निजामाच्या राज्यात चौघांनी एकत्र बसणेही संशयाचे होते. प्रतिभेच्या तराजूत या दोघांना घालण्याचा माझा विचार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की लेखकाचे आयुष्य त्याला बाजू देते, कोठे उभे राहून पाहायचे ती जागा देते. तेथून तो जे लिहितो, ते वाहून नेणारी माणसे मिळाली तर कथा लेखकामागे जगते. चाळिशीत आणि पन्नाशीच्या आत ही दोन माणसे गेली. त्यांच्या कथांचे उरलेले आयुष्य आपल्या हाती आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा समोर कोण बसत असतील याची कल्पना करता येते. आज या मंडपात मागच्या रांगेत मोंढ्यातले हमाल बसलेले मला दिसत आहेत, आणि पुढच्या रांगेत कचेरीतले कारकून आहेत. या दोघांचेही लेखक मराठीत होऊन गेले आहेत. तेव्हा माझी मागणी संघटनेच्या माणसाला शोभेल अशी साधी आहे. नांदेड-लातूरच्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयाने आठवड्यातून एक संध्याकाळ मोठ्याने वाचण्यासाठी राखून ठेवावी. १ ऑगस्टला ‘फकिरा’ वाचावी आणि ७ सप्टेंबरला ‘आलाप आणि विलाप’ काढावी. ऐकायला कारकुनाने हमालाला बोलवावे आणि हमालाने कारकुनाला. खर्च सतरंजीचा आणि दिव्याचा.